भर चौकात फाशी मागण्याआधी, नगरकरांनो, एवढं वाचा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. विषय चार ओळींत उरकण्यासारखा नाही, म्हणून सवडीनं वाचा.

आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारी कुठं काही भयंकर घडलं की दोन दिवसांत मोर्चा निघतो. बाजारपेठ बंद होते, तहसीलदारांना निवेदन दिलं जातं, चौकात फ्लेक्स लागतो. फ्लेक्सवर, निवेदनात, सगळ्यांच्या स्टेटसवर एक मागणी ठरलेली असते: नराधमांना भर चौकात फाशी द्या. कोपर्डीच्या वेळी हेच ऐकलं, बदलापूरच्या वेळी हेच, मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतरही हेच.

हा राग खोटा नाही. ज्याच्या घरात लेकीबाळी आहेत त्याचं डोकं तापणारच, आणि त्या रागाची टिंगल करायला मी ही पोस्ट लिहीत नाहीये. पण भर चौकातली शिक्षा हा काही आपल्याला आज सुचलेला नवा इलाज नाही. शेकडो वर्षं तो वापरून झालाय. लंडनमध्ये झाला, पुण्यात झाला, आणि माणसाची जाहीर विटंबना करून दहशत बसवायचा प्रकार आपल्या नगर जिल्ह्याच्या मातीतही झालाय. त्यातून काय निघालं ते बघू, मग ठरवू.

आधी लंडन. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये फाशीचा नुसता सुकाळ होता. १६८८ च्या सुमारास साधारण पन्नास गुन्ह्यांना फाशी होती. शंभर-सव्वाशे वर्षांत ती यादी दोनशेच्या वर गेली. मेंढी चोरली, फाशी. दुकानातून पाच शिलिंगचा माल उचलला, फाशी. घरातून चाळीस शिलिंगची चोरी, फाशी. खिसा कापून एक शिलिंगच्या वर काढले, तरी फाशीच. आणि हे सगळं उघड्यावर. न्यूगेटच्या तुरुंगातून कैद्याला गाडीत बसवायचे, सोबत पाद्री द्यायचे आणि तीनेक मैल गर्दीतून मिरवत टायबर्नला न्यायचे. आज लंडनमध्ये मार्बल आर्च आहे, त्याच्या जवळच ही जागा. वर्षातून साधारण आठ वेळा हा कार्यक्रम व्हायचा.

सरकारला वाटायचं, लोक बघतील आणि घाबरतील. लोकांनी त्याची जत्रा केली. नावच पडलं 'टायबर्नची जत्रा'. नीट दिसावं म्हणून मचाण बांधून जागा भाड्यानं दिल्या जायच्या. खाण्यापिण्याचे ठेले लागायचे. कैद्याची 'शेवटची जबानी' म्हणून छापील पत्रकं विकली जायची. कैदी रुबाबात मेला तर टाळ्या पडायच्या, आणि कालपर्यंतचा दरोडेखोर आज पोवाड्याचा नायक व्हायचा. त्या गर्दीत सगळ्यात जोरात धंदा चालायचा तो खिसेकापूंचा. ज्या गुन्ह्याला फाशी होती, तोच गुन्हा फाशीच्या खांबाखाली उभं राहून लोक करत होते. आता बोला.

१७८३ मध्ये टायबर्न बंद झालं आणि फाशी न्यूगेटच्या दारात आली. तिथंही तीच गत. १८४९ साली चार्ल्स डिकन्स एका जोडप्याची फाशी बघायला गेला आणि गर्दीचा तो धिंगाणा बघून त्यानं 'टाइम्स'ला पत्र लिहिलं, की हा प्रकार बंद करा. शेवटची जाहीर फाशी झाली २६ मे १८६८ ला. त्यानंतर कायदा करून फाशी तुरुंगाच्या भिंतीआड नेली.

पण जत्रेपेक्षा महत्त्वाची गोष्ट कोर्टात घडत होती. तिथं निकाल ज्युरी द्यायची, म्हणजे साधी बारा माणसं. समोर एखादी मोलकरीण उभी, मालकाच्या घरातून काही चोरलेलं. चाळीस शिलिंगचा माल म्हटला तर तिला फाशी. मग ज्युरी काय करायची? मालाची किंमत ठरवायची एकोणचाळीस शिलिंग! सगळ्यांना माहीत असायचं की हे खोटं आहे, पण एवढ्यासाठी बाईला लटकवायला मन धजायचं नाही. कुठं फिर्यादीच पुढं यायचा नाही, कुठं साक्षीदार मागं सरायचा. शिक्षा जितकी भयंकर, तितकी ती होण्याची शक्यता कमी. चोरांनाही हे कळलेलं होतं.

याचा कडेलोट झाला तो १८३० साली. बनावट सह्या आणि नोटा करणाऱ्यांना फाशी होती, आणि ही फाशी रद्द करा असा अर्ज पार्लमेंटकडे कुणी केला? इंग्लंडमधल्या बँकवाल्यांनी. ज्यांना लुटलं जात होतं त्यांनीच. त्यांचा हिशोब साधा होता: फाशीच्या धाकानं कुणी आरोपीला दोषी ठरवत नाही, म्हणून चोर मोकळे सुटतात, तेव्हा शिक्षा कमी करा पण ती होऊ द्या. त्याच सुमारास, १८२९ ला, लंडनमध्ये पगारी पोलीस दल उभं राहिलं. फास कमी झाला आणि तपास वाढला.

हे झालं साहेबाचं. आता आपल्याकडं या.

श्रीगोंदा तालुक्यात भीमेच्या काठी पेडगावचा किल्ला आहे. तेव्हाचा बहादूरगड, आज आपण त्याला धर्मवीरगड म्हणतो. फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना पकडून इथं औरंगजेबाच्या छावणीत आणलं. विदूषकाचा वेष चढवून, उंटावर बसवून धिंड काढली. ११ मार्चला त्यांची क्रूर हत्या झाली. महाराज गुन्हेगार नव्हते, एका बादशहाचे कैदी होते. तेव्हा ही गोष्ट मी गुन्हेगाराच्या शिक्षेच्या पंक्तीला बसवत नाही, कुणी तसा अर्थ काढू नये. मी बोलतोय ते ही धिंड काढणाऱ्याच्या हिशोबाबद्दल. चारचौघांत हाल करायचे, म्हणजे बघणारे गळाठतील आणि राज्य संपेल, हा तो हिशोब होता. झालं काय? मराठे गळाठले नाहीत, पेटून उठले. राजाराम महाराज, मग ताराराणी, संताजी-धनाजी. पुढं अठरा वर्षं बादशहा दख्खनच्या धुळीत फिरत राहिला, आणि १७०७ साली मेला तो कुठं? आपल्याच भिंगारला. पेडगावपासून भिंगार काही फार लांब नाही, पण ते अंतर कापायला त्याला अठरा वर्षं लागली. दहशतीचा निकाल काय लागतो हे नगर जिल्ह्याइतकं जवळून दुसऱ्या कुणी पाहिलं नसेल.

दुसरा किस्सा पुण्याचा, पण त्याचा शेवट पुन्हा नगरला होतो. एप्रिल १८०१. दुसऱ्या बाजीरावानं विठोजी होळकरांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिलं. जाहीर, आणि पेशवा स्वतः बघत होता. बंडखोराला अद्दल घडली असं त्याला वाटलं. भाऊ यशवंतराव होळकर फौज घेऊन निघाले. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला पेशव्यांचा आणि शिंद्यांचा पराभव झाला, बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला इंग्रजांशी तह करून बसला. पुढच्या ऑगस्टमध्ये, १८०३ ला, जनरल वेलस्लीनं आपला नगरचा भुईकोट किल्ला घेतला. एका जाहीर शिक्षेमुळं मराठी सत्ता बुडाली असं म्हणणं धाडसाचं होईल, कारणं बरीच होती. पण ज्या शिक्षेनं धाक बसायचा होता, तिनंच घरात सुडाची आग लावली एवढं नक्की.

इंग्रजांनीही तेच केलं. उमाजी नाईकांना ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिली आणि लोकांना जरब बसावी म्हणून देह झाडाला टांगून ठेवला. जरब बसली का? दहा-पंधरा वर्षांत आपल्या अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे डोंगर जागा करत होते. त्यांनाही १८४८ ला ठाण्यात फाशी दिली. आणि आज उमाजी आणि राघोजी दोघांचे पुतळे आहेत, जयंत्या होतात.

इथं कुणीतरी कमेंट करणारच, "मग शिवरायांच्या काळात चौरंग करायचे, ते विसरलात का?" नाही विसरलो, उलट ते नीट वाचूया. रांझ्याच्या पाटलाचं, बाबाजी गुजराचं, १६४६ चं पत्र प्रसिद्ध आहे. त्याच्याविरुद्ध बदअमलाची तक्रार आली. त्याला पकडून आणलं, चौकशी केली, गुन्हा खरा निघाला, मग हातपाय तोडले. शिक्षा त्या काळाची होती, तेव्हा सगळीकडंच असल्या शिक्षा होत्या. पण रयतेला त्यात काय भावलं असेल? मला वाटतं, गावचा पाटील असूनही तो सुटला नाही हे. तक्रार केली तर ऐकली जाते, माणूस कितीही मोठा असला तरी धरून आणला जातो, आधी चौकशी होते आणि मग शिक्षा होते. आपण त्यातली तोडलेली हाडं लक्षात ठेवली आणि पाटलाला धरून आणलं ही गोष्ट विसरलो. आज एखाद्या पुढाऱ्याच्या पोराविरुद्ध तक्रार द्यायला गेलं तर पोलीस ठाण्यात काय होतं, हे प्रत्येकानं आपल्या मनाला विचारावं.

कायद्याचं म्हणाल तर भारतात हा प्रश्न कधीच निकाली निघालाय. १९८५ साली राजस्थान हायकोर्टानं एका खुनाच्या प्रकरणात जयपूरच्या मैदानावर, आधी जाहिरात करून, लोकांसमोर फाशी द्यायचा आदेश काढला होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि कोर्टानं तो आदेश थांबवला. गुन्हा रानटी आहे म्हणून समाजानं रानटी व्हायचं नसतं, अशी जाहीर फाशी घटनेच्या कलम २१ मध्ये बसत नाही, असं स्पष्ट सांगितलं. म्हणजे तहसीलदारांना आपण जी मागणी देतो, ती पूर्ण करायचा अधिकार तहसीलदारांना काय, मुख्यमंत्र्यांनाही नाही. निवेदन स्वीकारणाऱ्याला हे ठाऊक असतं. म्हणूनच तो इतक्या शांतपणे फोटो काढून घेतो. जी मागणी पुरी करायचीच नाही, ती ऐकून घ्यायला कुणाचं काय जातं?

आता मूळ मुद्द्यावर येतो. नोव्हेंबर २०१७ आठवा. आपल्या नगरच्या सेशन कोर्टात एकाच महिन्यात तीन मोठे निकाल लागले. पारनेर तालुक्यातल्या लोणीमावळ्याच्या शाळकरी मुलीच्या प्रकरणात तिघांना फाशी. कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीच्या प्रकरणात, घटनेनंतर साधारण सोळा महिन्यांत, २९ तारखेला तिघांना फाशी. या दोन निकालांवर पेढे वाटले गेले, फटाके वाजले.

आणि या दोन्हींच्या मध्ये, २३ तारखेला, तिसरा निकाल लागला. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचा. एप्रिल २०१४ मध्ये तिथं सतरा वर्षांच्या एका दलित पोराला मारून झाडाला लटकवलं होतं. त्या खटल्यात नऊ आरोपी निर्दोष सुटले. गावातले कितीतरी साक्षीदार फितूर झाले होते. कोर्टापुढं पुरावाच उरला नाही तर न्यायाधीश तरी काय करणार? आरोपी सुटले, पण पोरगं मेलं हे तर खरंच. मग त्याला मारलं कुणी? याचं उत्तर त्या निकालात नाही.

तेच कोर्ट, तोच महिना, तोच कायदा, आणि फाशीची तरतूद दोन्हीकडं होती. कोपर्डीत साक्षीदार टिकले. सरकारनं नामांकित वकील दिला, पोलिसांवर राज्याची नजर होती, लाखोंचे मोर्चे मागं होते. खर्ड्यात त्या पोराच्या आईबापामागं कोण होतं? शिक्षा किती कडक असावी हा प्रश्न खर्ड्यात आलाच नाही, कारण गोष्ट तिथवर पोचलीच नाही. लंडनच्या ज्युरीनं एकोणचाळीस शिलिंग म्हणून डोळे मिटले ते दयेपोटी. आपल्याकडं साक्षीदार डोळे मिटतो ते भीतीपोटी, भावकीपोटी, जातीपोटी. आरोपी सुटतो तो दोन्हीकडं.

कुणी म्हणेल, कोपर्डीला तरी फाशी कुठं झाली? खरं आहे. निकालानंतर जवळपास सहा वर्षं हायकोर्टातली प्रक्रिया चाललेली होती आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुख्य आरोपीनं येरवड्यात गळफास घेतल्याची बातमी आली. हा उशीर चुकीचाच आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण उशीर होतो म्हणून चौकशीच नको, थेट चौकात न्या किंवा गोळ्या घाला, हे म्हणताना महाराष्ट्रातलंच एक प्रकरण ध्यानात ठेवा. २००३ सालच्या एका खून-बलात्काराच्या गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा माणसांना धरलं. खालच्या कोर्टानं फाशी दिली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सहाच्या सहा जणांची फाशी कायम धरली. आणि २०१९ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. साक्षीदार बाईनं पोलिसांच्या अल्बममधून सुरुवातीला भलतीच चार माणसं ओळखली होती, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली, सहापैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. ज्या दिवशी त्यांना पकडलं त्या दिवशी कुणी विचारलं असतं, "चौकात फाशी देऊ का?" तर आपण सगळे "हो" म्हणालो असतो. आणि खरे गुन्हेगार त्याच गर्दीत उभं राहून टाळ्या वाजवत राहिले असते.

नगर जिल्ह्यात हे जास्तच लक्षात ठेवायला हवं. कुठं चोरी झाली की पहिल्यांदा पारधी वस्तीवर गाडी जाते, हे आपण बघत आलोय. चौकातला न्याय नेहमी त्याच्यावरच पडतो ज्याच्यासाठी जामीनदार उभा राहत नाही.

हैदराबादचंही तेच. डिसेंबर २०१९ मध्ये चौघांना पोलिसांनी पहाटे गोळ्या घातल्या, लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. नंतर आपल्याच मराठी न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या आयोगानं सांगितलं, की पोलिसांची गोष्ट विश्वास ठेवण्यासारखी नाही आणि चौघांपैकी तिघं अल्पवयीन होते. फुलं उधळणाऱ्यांनी तो अहवाल वाचला का?

मग मागायचं काय? गप्प बसायचं का? अजिबात नाही. मोर्चा काढाच, पण जे मिळू शकतं ते मागा आणि मिळेपर्यंत सोडू नका.

साक्षीदाराच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानंही देशभरासाठी योजना लागू केली. त्यात प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख तिचे सदस्य असतात. धमकी आली तर साक्षीदार तिथं अर्ज करू शकतो. आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे? पुढच्या निवेदनात विचारा, आपल्या जिल्ह्यात आजवर किती अर्ज आले आणि कितींना संरक्षण मिळालं. याचं उत्तर द्यावं लागतं, नुसता फोटो काढून भागत नाही.

महत्त्वाच्या साक्षीदाराचा जबाब लगेच मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवून घ्या म्हणून मागं लागा. सात वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक पथकानं जागेवर जाणं नव्या फौजदारी कायद्यानं टप्प्याटप्प्यानं बंधनकारक केलंय. आपल्या तालुक्यात ते पथक किती तासांत पोचतं ते विचारा. लॅबचा रिपोर्ट किती महिन्यांनी येतो ते विचारा. फास्ट ट्रॅक कोर्ट म्हणतात तिथं न्यायाधीश, सरकारी वकील आणि स्टाफ पुरेसा आहे का ते विचारा.

आणि एक काम सरकारचं नाही, आपलं आहे. जामखेडच्या माणसाला नगरला तारखेला यायचं म्हणजे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. दिवसाचा रोज बुडतो. कोर्टात बसून राहायचं आणि संध्याकाळी कळतं, पुढची तारीख पडली. असं चार-पाच वेळा होतं. मध्ये कुणीतरी शेताच्या बांधावर येऊन "कशाला नादी लागतो" म्हणून जातं. किराणा दुकानदार उधारी बंद करतो. अशा वेळी गाव त्या माणसामागं उभं राहिलं तर साक्ष टिकते. गाडी काढून चार जण त्याच्यासोबत कोर्टात गेले, त्याच्या वावरातलं काम तेवढा दिवस कुणी सांभाळलं, तरी आरोपीच्या माणसांना जे कळायचं ते कळतं. मोर्चाला हजार माणसं येतात. तारखेला दहा का येत नाहीत?

जातीचा मुद्दा टाळून चालणार नाही, म्हणून तोही बोलतो. आरोपी दुसऱ्या जातीचा असला की आपल्याला भर चौक आठवतो. आपल्या जातीचा असला की "पोरगं तसं नाही, अडकवलंय" हे आठवतं. सगळ्याच जातीत हे होतं, कुणी दुसऱ्याकडं बोट दाखवू नये. कोपर्डीसाठी रस्त्यावर आलेले आपण खर्ड्याच्या तारखांना किती जण होतो, याचं उत्तर प्रत्येकानं आपल्यापुरतं द्यावं. लेकरू ते लेकरू, मग गाव कोणतंही असो आणि वस्ती कोणतीही.

इंग्लंडला हे कळायला दोनशे फाशीचे गुन्हे आणि शे-दीडशे वर्षं लागली: गुन्हेगार शिक्षेच्या भयंकरपणाला फार भीत नाही, आपण सापडणार आणि सुटणार नाही याला भितो. आपल्याला इतका वेळ घालवायची गरज नाही. पेडगाव आणि भिंगार आपल्याच जिल्ह्यात आहेत, कोपर्डी आणि खर्डाही.

पुढच्या वेळी फ्लेक्स छापायला टाकाल तेव्हा 'भर चौकात फाशी' या ओळीच्या जागी साक्षीदारांसाठी एक ओळ छापा: 'तुम्ही खरं सांगा, गाव तुमच्यासोबत कोर्टात येईल.' आणि मग खरंच जा.

पटलं नाही तर कमेंटमध्ये बिनधास्त लिहा, वाद घालू. फक्त कोणत्याही पीडितेचं किंवा तिच्या घरच्यांचं नाव, फोटो टाकू नका. तो कायद्यानं गुन्हा आहे आणि माणुसकीनंही.